ज्युनिपर हिरवा दिसतोय, पण जिवंत आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनमध्ये नर्सरीतून ज्युनिपरचा, म्हणजे थंड हवेतल्या एका सदाहरित सूचिपर्णी झाडाचा, बोन्साय आणला. घर पुण्यात, चौथ्या मजल्यावर. झाड हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी असतं, रविवारी पूर्वेच्या बाल्कनीत ऊन खातं. रोज सकाळी स्प्रेने पाणी. दिवाळीनंतर डावीकडची सगळ्यात खालची फांदी तपकिरी झाली. बाकीचं झाड हिरवं आहे, पण 'तेज गेल्यासारखं' वाटतंय. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की माती बदला, खत घाला. करावं का?

नको. हे दोन्ही बेत आधी रद्द करा, मग पुढचं सावकाश वाचा.

'तेज गेल्यासारखं' हे तुम्ही बरोबर टिपलंत. बहुतेक लोक तपकिरी फांदी दिसेपर्यंत थांबतात. ज्युनिपरची बातमी आपल्यापर्यंत फार उशिरा पोचते. तुळस दुपारी मान टाकते, संध्याकाळी तांब्याभर पाणी घातलं की उभी राहते. तिचं सगळं रोखठोक. ज्युनिपर मान टाकत नाही. त्याची पानं खवल्यांसारखी बारीक, एकमेकांवर बसलेली, वरून मेणाचा थर. त्यांतून पाणी उडतंच फार कमी. छाटलेली हिरवी फांदी टेबलावर नुसती ठेवून दिली तरी बरेच दिवस हिरवी राहते. मुळं मेलेल्या झाडाचंही तसंच. मुळं जुलैत गेली तर पानांना ते सप्टेंबरात कळतं. म्हणून आज जे दिसतंय त्याचं कारण आजच्या पाण्यात शोधू नका, महिना-दीड महिना मागे जा. दिवाळीनंतर तपकिरी झालेल्या फांदीचं दुखणं बहुधा पावसाळ्याच्या शेवटी सुरू झालेलं असणार.

हे मी पैसे मोजून शिकले. बोन्साय करायला लागून चारेक वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचा तो काळ होता. भर जुलैत एका चांगल्या जाड खोडाच्या ज्युनिपरची कुंडी बदलली. मुळांवरची लाल माती नळाखाली धुऊन अगदी स्वच्छ केली, त्याच दिवशी निम्मी पालवी छाटली आणि त्याच दिवशी आकार देण्यासाठी फांद्यांना तारही बांधली. गणपतीत घरी आलेला प्रत्येक माणूस आरती झाल्यावर त्या झाडापाशी थांबायचा. 'काय सुंदर आहे!' मी फुशारून सांगत होते. दसऱ्याच्या आसपास ते आधी राखाडी हिरवं झालं, मग चार दिवसांत गवतासारखं पिवळं. उपटून बघितलं तर कुंडीत एकही पांढरं मूळ नव्हतं. गणपतीत सगळ्यांनी कौतुक केलं ते मेलेल्या झाडाचं.

तेव्हा पहिलं काम, झाड जिवंत आहे का ते बघणं. तपकिरी फांदी सोडा, ती गेली. हिरव्या भागातली पेन्सिलच्या टोकाएवढी जाड डहाळी निवडा आणि नखाने सालीवर तिळाएवढा ओरखडा काढा. आत ओलसर, पोपटी हिरवं दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. फिकट पिवळट आणि कोरडं दिसलं तर नाही. एकाच ठिकाणी बघून निकाल देऊ नका. शेंड्याजवळ, फांदीच्या मध्यावर आणि खोडाला चिकटते तिथे, अशा तीन जागा बघा. झाड मरतं ते बऱ्याचदा शेंड्याकडून खाली, त्यामुळे वर कोरडं आणि खाली ओलं असं सापडलं तर अजून वेळ आहे. पानांवरून हात फिरवूनही पुष्कळ कळतं. धडधाकट ज्युनिपरची पालवी लवचिक असते, बोटांना किंचित थंड लागते आणि सोडली की परत जागेवर येते. गेलेली पालवी खरखरीत लागते, चुरली तर कटकन मोडते.

आणि शेंडे बघा. वाढीच्या दिवसांत प्रत्येक झुपक्याच्या टोकाला बाकीच्यापेक्षा फिकट, ताजा हिरवा ठिपका दिसायला हवा. हे टोक चालू आहे म्हणजे मुळं काम करतायत. डिसेंबरात वाढ मंदावलेली असते, त्यामुळे आत्ता ते दिसलं नाही तरी घाबरू नका. पण फेब्रुवारीच्या अखेरीसही सगळी टोकं गडद आणि मुकी असतील तर मात्र काळजीचं आहे.

प्रत्येक पिवळं पान म्हणजे आजार नव्हे, हेही सांगून टाकते, नाहीतर लोक उगाच औषधं मारत सुटतात. खोडाजवळची, आतल्या अंगाची, सावलीत पडलेली दोन-तीन वर्षांची जुनी पानं पिवळी होऊन गळणारच. ती झाडभर सारखी गळतात आणि बाहेरची टोकं ताजी असतात. हिवाळ्यात बाहेरच्या थंडीत ठेवलेला ज्युनिपर थोडा मळकट, तांबूस झाकेचाही होतो. नाशिककडे, निफाडच्या थंडीत, हे चांगलं जाणवतं. तेही सगळीकडे सारखं होतं आणि ऊन तापायला लागलं की परत हिरवं होतं. जे एकाच बाजूला होतं, किंवा टोकाकडून आत येतं, त्याला आजार म्हणा.

तुमची एकच फांदी गेली, तीही पूर्ण. ज्युनिपरच्या बाबतीत याला फार अर्थ आहे. वडाचं एक मूळ कापलं तर बाकीची मुळं सगळ्या झाडाला पुरवठा करतात. ज्युनिपरमध्ये रस वाहतो तो सरळ रेषेत, पट्ट्यापट्ट्याने. एक मूळ, त्याच्यावरची खोडाची एक पट्टी, त्या पट्टीवरच्या फांद्या. मूळ गेलं की त्याच्या वरची सगळी गल्ली अंधारात. जपानी लोक ज्या ज्युनिपरना शिम्पाकू म्हणतात, त्यांचे जुने नमुने शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतातून आणि निइगाता प्रांतातल्या इतोइगावाच्या चुनखडीच्या कड्यांवरून दोरांना लटकून काढून आणलेले होते. फोटोत त्यांचं खोड पांढरं, हाडासारखं आणि त्यावरून साप चढावा तशी एकच तपकिरी जिवंत पट्टी जाते. ती कुणी हौसेने कोरलेली नक्षी नव्हती. दरड, बर्फ, वारा यांनी एकेक मूळ मारलं आणि त्या त्या मुळावरची पट्टी वाळली, एवढंच. कुंडीतले कलाकार पुढे त्याचीच नक्कल करायला लागले.

तर तुम्ही असं करा. मेलेल्या फांदीपासून बोट ठेवून खोडावरून सरळ खाली मातीपर्यंत या. ज्युनिपरचं खोड पिळदार असलं तर बोटही पिळाबरोबर वळवा. जिथे माती लागेल तिथली माती चमच्याच्या दांड्याने इंचभर उकरा. तिथलं मूळ काळं, मऊ असेल आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी सुटून आत नुसता दोरा राहत असेल, तर ती मूळकूज. कोरडं, कडक, काटकीसारखं असेल तर पाणी तिथपर्यंत पोचलंच नाही. खोडावर त्या रेषेत साल खोलगट झालेली दिसते का तेही बघा. जिवंत पट्टी वर्षागणिक फुगते, मेलेली बसते.

माझा अंदाज दुसऱ्या प्रकाराचा आहे. आपल्याकडे नर्सरीत मिळणाऱ्या ज्युनिपरचा मुळांचा गोळा चिकट लाल मातीचा असतो. तोच गोळा बोन्सायच्या ट्रेमध्ये बसवतात, कडेने भुसभुशीत मिश्रण भरतात आणि वर पांढरे खडे पसरतात, कधीकधी चक्क डिंकाने चिकटवतात. लाल माती एकदा पूर्ण सुकली की विटेसारखी होते. वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली पळतं, भोकातून बाहेर येतं, आपण समाधानी होतो आणि गोळ्याच्या पोटात थेंब जात नाही. तुम्ही तर स्प्रेने देताय. स्प्रेने खडे भिजतात, मुळं नाही.

शेतकऱ्यांकडे यासाठी एक सुरेख शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर चिखलही नाही आणि धूळही नाही, ढेकूळ मुठीत दाबलं तर जमतं आणि टिचकी मारली तर फुटतं, अशी जमिनीची अवस्था. मुळांना त्या वेळी ओलही मिळते आणि हवाही. बोन्सायचं पाणी म्हणजे वाफसा सांभाळणं, दुसरं काही नाही. म्हणून 'दिवसातून किती वेळा पाणी?' या प्रश्नाला उत्तर नसतं. बांबूची एक काडी, अगदी कबाबची चालेल, कुंडीच्या तळापर्यंत खुपसून ठेवा. सकाळी उपसून गालाला लावा. थंड आणि गडद असेल तर पाणी नको, खालचा अर्धा भाग जेमतेम ओलसर असेल तर द्या. दिलं की झारीने, भोकांतून वाहीपर्यंत, आणि पाच मिनिटांनी परत एकदा. पुण्यात डिसेंबरात हे दोन-तीन दिवसांतून एकदा येतं, मे महिन्यात दिवसातून दोनदा. कुंडी उचलायची सवय लावून घ्या. महिनाभरात हातालाच वजन कळायला लागतं आणि काडीची गरज उरत नाही.

तुमच्या झाडाच्या पहिल्या पाण्यासाठी मात्र वेगळा उपाय. चिकटवलेले खडे असतील तर स्क्रूड्रायव्हरने फोडून काढा. मग बादलीत पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढून तिरकी धरा, निथळू द्या. बुडबुडे जर खूप वेळ येत राहिले तर आत किती कोरडं होतं याचा हिशोब तुमचा तुम्हालाच लागेल. हे एकदाच. दर आठवड्याला बुडवायला लागलात तर कोरडेपणाच्या जागी कूज येईल. उकरलेल्या जागी सडक्या अंड्याचा वास आला, मूळ काळं निघालं, तर मात्र बुडवू नका. मग रोग उलटा आहे.

आता हॉलचं. ज्युनिपर घरातलं झाड नाही. तो बाराही महिने बाहेर हवा, पाहुण्यांसाठी दोन दिवस आत. आपल्या हॉलमधला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, पण तो काही शे लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) असतो. बाहेरचं भर ऊन लाखाच्या घरात. रविवारचं ऊन म्हणजे आठवडाभर उपाशी ठेवून एक दिवस पंगतीला बसवणं. लडाखमध्ये ज्युनिपरला शुकपा म्हणतात, हेमिस शुकपाचन या गावाचं नावच त्यावरून पडलंय. तिथल्या उन्हात, वाऱ्यात, बर्फात शेकडो वर्षं उभी राहणारी ही जात आणि आपण तिला टीव्हीच्या शेजारी सेट-टॉप बॉक्सच्या गरम हवेत ठेवतो. बाल्कनीत हलवा, पण एकदम नाही. पहिला आठवडा फक्त नऊ वाजेपर्यंतचं ऊन, मग तासभर वाढवा. पूर्वेची बाल्कनी तर उत्तम. पश्चिमेची असती तर मे महिन्याची दुपार मी नको म्हटलं असतं, कारण उथळ ट्रेची माती तापून मुळं शिजतात. एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा आणि ट्रे फरशीवर न ठेवता विटांवर उचलून ठेवा.

जाता जाता एक खात्री करून घ्या, तुमच्याकडे ज्युनिपरच आहे ना? 'ज्युनिपर' म्हणून मोरपंखी गळ्यात मारल्याची उदाहरणं माझ्याकडे दर वर्षी येतात. मोरपंखी म्हणजे तीच 'विद्या', जिचं पान लहानपणी आपण पुस्तकात ठेवायचो आणि ते दुप्पट व्हायची वाट बघायचो. तिची पालवी इस्त्री केल्यासारखी चपटी, उभ्या पंख्यात लागते. ज्युनिपरच्या डहाळ्या गोल, दोरीसारख्या आणि चहूबाजूंना वळणाऱ्या. मोरपंखी निघाली तर वाईट काही नाही, ती पुण्यात उलट जास्त सोपी जाते, पण तिची छाटणी वेगळी.

'तेज गेल्यासारखं' याचं दुसरं एक कारण असू शकतं आणि ते तुम्ही आजच तपासू शकता. लाल कोळी. वांगी, गुलाब लावणाऱ्यांना हा ओळखीचा आहे. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर पेनाने चार टपल्या द्या. कागदावर धूळ पडेल. अर्धा मिनिट बघत राहा. धूळ स्थिर राहते, कोळी चालायला लागतात. अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके असतात, चष्मा लावावा लागेल. कागदावरून बोट ओढलं आणि तांबूस-हिरवट रेघ उमटली तर ते कोळीच, मातीची रेघ तशी येत नाही. हे पानांतला रस शोषतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके पडतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं झाडावर धूळ बसलीय. डहाळ्यांच्या बेचक्यात बारीक जाळं दिसायला लागलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय.

कोळी कोरड्या, गरम, वारा नसलेल्या जागी फोफावतात. तुमचा हॉल त्यांना माहेर. उपायही तिथूनच सुरू होतो. बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरच्या जोराच्या फवाऱ्याने पालवी खालच्या बाजूने धुवा, कुंडीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. तीन-तीन दिवसांनी चार वेळा. निम्मा प्रश्न इथेच सुटतो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, किंवा पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम. दोन्ही एकदम नको. तेलानंतर किमान पंधरा दिवस गंधक मारू नका, आणि पारा 32 च्या वर असताना तर नाहीच, पालवी भाजते. उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर पडून पुन्हा अंडी घालायला यांना आठवडाभर पुरतो, म्हणून एक फवारणी करून हात झटकू नका, सहा-सात दिवसांनी परत. आणि दुकानदार 'सगळ्या किडींवर चालतं' म्हणून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देईल, ते घेऊ नका. कोळी म्हणजे कीटक नव्हेत, त्यांना ते लागू पडत नाही. उलट त्यांना खाणारे कीटक मरतात आणि कोळी वाढतात.

पावसाळ्यात दुसरीच गंमत. शेंड्यांचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर फिके, मग तपकिरी, आणि जिवंत-मेल्या भागाच्या सांध्यावर भिंगातून बघितलं तर काळे बारीक ठिपके. ही फोमोप्सिस नावाची बुरशी, कोवळ्या पालवीवरच बसते. कोरड्या दिवशी दोन इंच खालून कापायचं, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसायची, पालवी भिजवायची नाही आणि तांब्याचं बुरशीनाशक वेष्टनावरच्या मात्रेत. सलग आठवडाभर पाऊस असेल तेव्हा मी ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सारते. तिरक्या ट्रेमधून पाणी जास्त निथळतं. बिनखर्चाचं एवढं चांगलं काम दुसरं नाही, तरी कोणी करत नाही.

पाण्याचं एक विचारते. सोसायटीत टँकर येतो का, आणि सॉफ्टनर बसवलाय का? चुन्याच्या जड पाण्याचं ज्युनिपरला फारसं वावडं नाही, चुनखडीच्या कड्यांवरच त्याचे पूर्वज वाढले. पण सॉफ्टनर चुना काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. ते पाणी कपड्यांना छान, झाडाला विष. टोकं भाजल्यासारखी होतात आणि कुंडीच्या काठावर खारट पांढरी रेघ बसते. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या, नाहीतर पिण्याचं द्या.

आता तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला. माती बदलणं चूक नाही, आत्ता बदलणं चूक आहे. मुळं कापणं म्हणजे शस्त्रक्रिया, ती रोगी अंगावर नाइलाज असेल तरच. तो नाइलाज एकच, कुजका वास आणि काळी मुळं. तसं असलं तरी गोळा धुऊ नका, कुजलेलं तेवढं काढा आणि आहे तसा गोळा दोन इंच मोठ्या साध्या मातीच्या कुंडीत, चहूबाजूंनी विटेचे खडे भरून ठेवा. खताचंही तसंच. ज्याची भूक मेलीय त्याला श्रीखंड-पुरी वाढून ताकद येत नाही. मुळंच नसतील तर खताचे क्षार साचून उरलीसुरली मुळं जळतात. फेब्रुवारीत नवी टोकं दिसली, त्यानंतर महिना गेला, की मूठभर कुजवलेली मोहरीची पेंड. भर पावसात बंद.

कुंडी बदलायची ती येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या जानेवारी-अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, झाड तोवर टवटवीत असेल तर. पुण्यात मला ही वेळ सगळ्यात मानवते, थंडी ओसरत असते आणि ऊन अजून चावत नाही. लाल मातीचा गोळा एका वेळी सगळा काढायचा नाही, याबद्दल मी आता फार कडक आहे. कुंडी मनात मध्ये चिरा, एका अर्ध्यातली माती काडीने मोकळी करा, लांब मुळांचा फार तर तिसरा हिस्सा कापा, दुसऱ्या अर्ध्याला हात लावू नका. तो दोन वर्षांनी. जुन्या अर्ध्यावर झाड जगतं, नव्या अर्ध्यात मुळं धरतं. मिश्रणात मी विटेचा चुरा दोन भाग, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा बारीक खडी एक भाग आणि चांगला कुजलेला पालापाचोळा अर्धा भाग घालते. चुरा गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीत वर राहील तेवढाच वापरायचा. त्याखालची पूड फेकून द्यायची, तीच भोकं बुजवते. आणि झाड ट्रेला तारेने घट्ट बांधा. वाऱ्याने हललं की नवी केसासारखी मुळं तुटतात. बांधायचं राहिलं म्हणून झाड गेलं, ही माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली नेहमीची गोष्ट.

छाटणीचं थोडक्यात. ज्युनिपरची ताकद पालवीत असते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका, आणि एखाद्या फांदीवरची सगळी हिरवळ काढलीत तर ती फांदी गेली. उघड्या लाकडातून वडासारखे धुमारे फुटत नाहीत. नखाने शेंडे खुडत बसण्याची जुनी पद्धत मी कधीच सोडली. फक्त आकाराबाहेर धावलेले शेंडे कात्रीने, बेचक्यात शिरून कापायचे. जास्त छाटलं किंवा झाड घाबरलं तर मऊ खवल्यांच्या जागी बोचरी, सुईसारखी पालवी येते. तीही एक खूणच आहे. ती कापू नका, वर्ष-दोन वर्षं शांत ठेवलं की खवले परत येतात.

अलिबाग, रत्नागिरी, मुंबईकडच्यांना मी ज्युनिपरचा आग्रह करत नाही. थंडीची विश्रांती नाही, रात्रीही दमट, चार महिने ओलं. काही लोकांनी तिथेही वर्षानुवर्षं जगवलाय, पण चार-पाच घालवून. तिथे पिंपर, उंबर, चिंच, करवंद, बोगनवेल करावी, हात बसतो आणि मनस्ताप नाही. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिची उलटी चूक. बर्फ पडायला लागला की मायेने झाड हीटर लावलेल्या घरात घ्यायची. दोन गेल्यावर ऐकलं. आता तिसरा थंडीत बाहेरच असतो, कुंडी जमिनीत पुरून, वर लाकडाचा भुसा, वाऱ्याच्या बाजूला फळी. तीन हिवाळे काढले त्याने.

तुमच्यासाठी पुढचे दोन महिने म्हणजे एकदा बुडवणं, बाल्कनी, काडी, कोळ्यांचा कागद दर रविवारी. आणखी एक, दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच वेळी मोबाइलवर एक फोटो. रोज बघणाऱ्या डोळ्याला रंग उतरलेला कळत नाही, सहा फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो. तार असेल तर राहू द्या, सालीत रुतत असेल तरच कापून काढा, उलगडू नका.

राहिली ती तपकिरी फांदी. ती मुळापासून कापू नका. झाड सावरलं, पुढच्या दिवाळीपर्यंत नवी वाढ धरली, तर तिच्यावरची वाळकी साल चिमट्याने सोला, आतलं लाकूड ब्रशने साफ करा आणि कोरड्या दिवशी गंधक-चुन्याचं द्रावण लावा. पांढरी पडेल. जपानी लोक याला जिन म्हणतात आणि त्यासाठी चांगल्या जिवंत फांद्या मारतात, तुम्हाला आयतीच मिळालीय. फक्त त्या द्रावणाला सडक्या अंड्यांचा असा काही वास येतो की शेजारी गावाला गेलेले असताना करा.